चेअरमन साहेब, पोरांच्या लाळेचं शिबिर थांबवा

मा. चेअरमन साहेब आणि संचालक मंडळातले सगळे,

नमस्कार. मी तुमच्या पतसंस्थेची सभासद आहे, लग्न होऊन सांगलीत आले त्या वर्षापासून. संस्थेचं नाव मी इथं मुद्दाम लिहिलेलं नाही, शिबिरात लाळेवरून जीनची (जनुकाची) टेस्ट करणाऱ्यांचं नाही आणि त्यावर कॅप्सूल विकणाऱ्यांचंही नाही, मला कुणाची बदनामी करायची नाहीये आणि ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या चार ओळीत कळेलच. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं टाकतेय, कारण ऑफिसात येऊन दोनदा तोंडी सांगितलं, एकदा लेखी अर्ज दिला, त्याची साधी पोचसुद्धा मिळाली नाही आणि आता हे नवीन पत्रक.

परवा संध्याकाळी पिग्मीवाले दादा नेहमीसारखे आले आणि पावतीबरोबर ते पत्रक देऊन गेले. वर्धापनदिनानिमित्त भव्य शिबिर, आपल्या पाल्याची इम्युनिटी त्याच्या जीन्समधून ओळखा, वय वर्षे ५ ते १६, सभासदांच्या मुलांना निम्मी फी, हप्ते पिग्मीतून कापून घ्यायची सोय. खाली तुमचा फोटो आणि संस्थेचा शिक्का. ते पत्रक हातात घेऊन मी दारातच किती वेळ उभी होते मला आठवत नाही, कारण मागच्या वर्षी याच शिबिरानं माझ्या घरात काय केलं ते मी बघितलंय, आणि आता तुम्ही लेकरांपर्यंत पोचलात.

आधी माझं काय ते सांगते. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बीएस्सीनंतर डीएमएलटी केलं, सतरा वर्षं झाली रक्ताच्या ट्यूबा हाताळतेय. मी डॉक्टर नाही. पण रिपोर्टवर काय छापलेलं असतं आणि त्याचा अर्थ कुठपर्यंत ओढायचा असतो एवढं मला कळतं. माझे मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. त्यांना २०१४ पासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, संडासवाटे रक्त आणि आव पडते. पहिलं वर्ष मूळव्याध समजून चूर्णं खाण्यातच गेलं, मग मिरजेत कोलोनोस्कोपी झाली तेव्हा नाव कळलं. तिथून पुढं आतड्याची सूज आवरणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या रोज सकाळ संध्याकाळ, आणि सलग पाच वर्षं एकदाही रक्त नाही. सौदे चालू असताना माणूस दिवसभर उभा राहून पट्ट्या लिहीत होता, कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं की यांना असला आजार आहे.

मागच्या वर्षी तुमच्या वरच्या हॉलमध्ये शिबिर झालं. प्लॅस्टिकच्या नळीत थुंकायचं, बास. तीन आठवड्यांनी ४२ पानी रिपोर्ट आला, सगळा इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. अकराव्या पानावर लाल चौकोन, आत लिहिलेलं आयएल-१०, मायनस १०८२, ए-ए, आणि खाली मोठ्या अक्षरात दाह आवरायची क्षमता कमी. शिबिराच्या टेबलावर पांढरा कोट घातलेला एक मुलगा बसलेला, त्यानं मिस्टरांना सांगितलं की काका तुमच्या आजाराचं मूळ सापडलं, त्या गोळ्या वरवरच्या आहेत, हे पॅकेज घ्या म्हणजे मुळावर उपाय होईल. पॅकेज म्हणजे हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, सहा महिन्यांच्या. मी तेव्हा तासगावला माहेरी होते, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मिस्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि मला सांगितलं नाही.

पाच आठवड्यांनी रक्त सुरू झालं. तेही त्यांनी दोन आठवडे लपवलं, म्हणाले पॅकेट संपेपर्यंत बघू म्हटलं, संस्थेनं आणलेलं आहे म्हणजे चांगलंच असणार. हे वाक्य तुमच्यासाठी परत लिहिते साहेब, "संस्थेनं आणलेलं आहे म्हणजे चांगलंच असणार." शेवटी दिवसाला पंधरा सोळा वेळा जायला लागले, रात्री झोप नाही, आणि एका सकाळी बाथरूमच्या दारातच बसले. मिरजेत ॲडमिट केलं. त्यांच्या रक्ताची ट्यूब माझ्याच टेबलावर आली. हिमोग्लोबिन ७.४. मी सॅम्पल परत चालवला, तेवढंच आलं. नऊ दिवस सलाईनमधून स्टिरॉइड, दोन बाटल्या रक्त, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं की इंजेक्शनला दाद मिळाली नाही तर मोठं आतडं काढायचा विचार करावा लागेल. दाद मिळाली. आज ते परत यार्डात जातात, पण अर्धा दिवसच.

गोळ्या चालू असतानाही हा आजार कधी कधी उठतो हे मला माहितीय. पण बंद केल्यावर उठायची शक्यता किती वाढते हेही माहितीय, आणि बंद का केल्या हे तर घरातच घडलंय.

आता त्या जीनबद्दल. त्या अकराव्या पानानं मला झोपू दिलं नाही म्हणून मी गेलं वर्षभर जे मिळेल ते वाचलं, आमच्या लॅबच्या सरांना विचारलं, मिस्टरांच्या डॉक्टरांना दरवेळी चार प्रश्न जास्त विचारले. आणि मला जे समजलं ते सभासदांना समजलंच पाहिजे असं मला वाटतं, कारण तुमच्या टेबलावर त्यातलं काहीच कुणी सांगितलं नाही.

आपल्याकडं हळद शिजवतात ते सगळ्यांनी बघितलंय. काहिलीखाली जाळ लागतो, जाळाशिवाय हळद शिजणारच नाही, कच्ची राहिली तर पुढं टिकत नाही. पण वेळेवर जाळ मागं ओढणारा माणूस लागतो, नाहीतर हळद गळून जाते आणि रंग जातो. शरीरातला दाह असाच आहे. जंतू आला की पेशी जाळ लावतात, ताप येतो, सूज येते, ते गरजेचंच आहे. आणि काम झालं की जाळ मागं ओढायचा निरोप देणारी जी द्रव्यं आहेत त्यातलं एक मोठं म्हणजे इंटरल्यूकिन-१०, त्यालाच आयएल-१० म्हणतात. १९८९ साली कॅलिफोर्नियात डीएनएएक्स नावाच्या संशोधन संस्थेत टिम मोसमन यांच्या गटाला ते सापडलं, तेव्हा त्याचं नावच ठेवलेलं "इतर सायटोकाइन बनणं रोखणारा घटक" अशा अर्थाचं, सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती द्रव्यं. ते बनवायची माहिती ज्या जीनमध्ये असते तो आपल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. पेशीच्या अंगावर त्याचा रिसेप्टर असतो, तिथं ते जाऊन बसलं की आत निरोप जातो आणि टीएनएफ, आयएल-६, आयएल-१ असली सूज वाढवणारी द्रव्यं कमी बनायला लागतात.

हा जीन महत्त्वाचा आहे यात वादच नाही. १९९३ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी हा जीन काढून टाकलेले उंदीर तयार केले तर त्यांना आतड्याची कायमची सूज झाली, इतर अवयवांपेक्षा आतडंच आधी बिघडलं, कारण आतड्यात कोट्यवधी जंतू कायम राहायला असतात आणि तिथं जाळ सतत आवरावा लागतो. पण पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नंतर तसलेच उंदीर, तोच जीन नसलेले, पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले तर त्यांना आतड्याची सूज आलीच नाही. म्हणजे जीन अख्खा गायब असूनसुद्धा आजार व्हायला आतड्यातले जंतू लागलेच. एवढा मोठा बिघाड आणि तरी एकट्या जीनवर ठरलं नाही. मग एका अक्षराच्या फरकावरून माणसाच्या आजाराचं मूळ सापडलं असं त्या पोरानं कुठल्या आधारावर सांगितलं?

मायनस १०८२ म्हणजे काय तर जीनच्या सुरुवातीच्या आधी जो स्विचसारखा भाग असतो त्यातली एक जागा. तिथं कुणाला ए असतं कुणाला जी. दोन्ही निरोगी माणसांत सापडतात. आशियातल्या लोकांत ए तर सर्रास सापडतं. आमच्या गल्लीतल्या सात जणांनी टेस्ट केली त्यातल्या पाच जणांना लाल चौकोन आला, आणि पाचही जण घाबरून बसले, त्यातले चार तर ठणठणीत आहेत. या जागेवरच्या अक्षरामुळं आयएल-१० कमी जास्त बनतं का यावर गेली पंचवीसेक वर्षं अभ्यास चाललेत, काहींत फरक दिसतो, काहींत दिसत नाही. इटलीत शंभरी गाठलेल्या पुरुषांमध्ये जी-जी जास्त सापडलं असा एक अभ्यास आहे, त्यावरून लोकांनी दीर्घायुष्याचा जीन म्हणून गाजवलं, दुसऱ्या देशांत बघितलं तर तसं ठामपणे निघालं नाही. आणि मुख्य म्हणजे लाळेच्या टेस्टमध्ये फक्त अक्षर दिसतं, अंगात आज आयएल-१० किती आहे ते दिसतच नाही. रोज रक्त तपासणाऱ्या बाईला हे दिसतं, टेबलावरच्या पोराला नाही दिसलं.

अल्सरेटिव्ह कोलायटिसशी आयएल-१० च्या जीनचा संबंध आहे, तो मी लपवत नाही. २००८ साली हजारो पेशंट आणि निरोगी माणसांचे डीएनए ताडून बघितले तेव्हा या जीनजवळचा एक फरक पेशंटमध्ये जास्त दिसला. पण तो फरक वेगळ्या जागेवरचा, आणि त्यानं धोका वाढतो तो थोडासा. असे थोडा थोडा धोका वाढवणारे फरक आतड्याच्या सुजेच्या आजारांत दोनशेच्या वर सापडलेत. त्यातला एक उचलून मूळ म्हणायचं म्हणजे कृष्णेला पूर कुठल्या एका ओढ्यामुळं आला ते बोट दाखवून सांगण्यासारखं आहे. २०१९ चा पूर आपण सगळ्यांनी भोगलाय, तेव्हा कोयनेचा विसर्ग, धो धो पाऊस, पुढची धरणं, सगळ्यावर भांडून झालं, एका ओढ्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

आणि जास्त आयएल-१० म्हणजे जास्त तब्येत हे तर अजिबात खरं नाही. जाळ फार लवकर मागं ओढला तर जंतू मरत नाही. कालाजारात, म्हणजे माशीच्या चाव्यातून परजीवी अंगात शिरतो त्या आजारात, हेच होतं, पेशंटच्या अंगात आयएल-१० वाढलेलं असतं आणि परजीवी त्या आडोशाला टिकून राहतो. कुष्ठरोगाच्या ज्या प्रकारात जंतू भरमसाट वाढतात त्याच्या चट्ट्यांतही ते जास्त सापडतं. ल्युपस म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते तो आजार, त्याच्या पेशंटमध्ये वाढलेलं असतं, कोविडच्या सिरियस पेशंटमध्येही वाढलेलं होतं. एपस्टीन-बार नावाच्या व्हायरसनं तर या जीनची नक्कल स्वतःजवळ बाळगलीय, आपली प्रतिकारशक्ती गप्प बसवायला. मग सरसकट सगळ्यांना "आयएल-१० वाढवणारं पॅकेज" विकायचं ते कशाच्या जोरावर?

बरं, प्रत्यक्ष आयएल-१० च औषध म्हणून देऊन बघितलंय. १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि २००० च्या आसपास लॅबमध्ये बनवलेलं आयएल-१० क्रोन्सच्या पेशंटना इंजेक्शननं दिलं, क्रोन्स म्हणजे कोलायटिसचाच भाऊबंद. खूप आशा होती, पण अपेक्षेसारखा फायदा झाला नाही आणि ते औषध म्हणून बाजारात आलं नाही. बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी दुधातल्या एका निरुपद्रवी जंतूला आयएल-१० बनवायला शिकवून तो पोटात सोडायचा प्रयोगही केला, तोही अजून पेशंटच्या हातात आलेला नाही. खुद्द ते द्रव्य देऊन जे जमलं नाही ते कॅप्सूलनं होईल असं छातीठोक सांगणाऱ्याला तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं.

हळदीबद्दल बोलले नाही तर सांगलीत राहून काय उपयोग. आमचं घर हळदीवर चालतं. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं तेव्हा यार्डात पेढे वाटले त्यात मिस्टर होते. हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, वर्षानुवर्षं हळद कशी टिकायची ते सासरे सांगायचे. जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेत एका विद्यापीठानं घेतलं आणि १९९७ ला ते रद्द करायला लावलं ते आपल्या शास्त्रज्ञ माशेलकर सरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं, ते कशाच्या जोरावर, तर जुने ग्रंथ आणि पुरावे समोर ठेवून. म्हणून मला जास्त लागतं. हळदीचं नाव घेऊन बिनपुराव्याचं विकणं हे सांगलीत तरी होऊ नये. कोलायटिसमध्ये हळदीतल्या करक्युमिनचा अभ्यास झालाय, जपानमध्ये, २००६ साली ८९ पेशंटवर, आणि त्यात आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण त्या सगळ्यांच्या नेहमीच्या गोळ्या चालू होत्या, करक्युमिन वरून दिलेलं. गोळ्या सोडून नाही. एवढी एक ओळ त्या मुलानं सांगितली असती तर मिस्टर ॲडमिट झाले नसते असं मला आजही वाटतं. शिवाय भाजीतली हळद वेगळी आणि मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेली कॅप्सूल वेगळी, असल्या कॅप्सूलमुळं लिव्हरला सूज आल्याची प्रकरणं इटलीत आणि अमेरिकेत नोंदली गेलीत. डब्याच्या मागं बारीक अक्षरात इंग्रजीत छापलेलं असतं की हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, ते छापणं कायद्यानंच बंधनकारक आहे. टेबलावर मात्र ते औषध म्हणूनच विकलं गेलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, टेस्ट करणारा आणि कॅप्सूल विकणारा एकच. ज्याचा डबा खपायचाय तोच तुम्हाला आजारी ठरवणार. आमच्या लॅबमध्ये आम्ही रिपोर्ट देतो, औषध डॉक्टर लिहितात आणि मेडिकलवाला देतो, यात तीन वेगळी माणसं असतात त्याला कारण आहे.

दुसरी, चालू औषधं बंद करू नका असं कुणीही, कुठंही, तोंडी किंवा लेखी सांगितलं नाही. शिबिरात एकही डॉक्टर नव्हता, जीनच्या रिपोर्टचा अर्थ समजावून सांगणारा जेनेटिक काउन्सेलर तर लांबच. मी त्या दिवशीचे फोटो तुमच्याच ग्रुपवर बघितलेत, व्यासपीठावर नारळ, शाल, सत्कार, आणि टेबलामागं सेल्सची चार मुलं.

तिसरी तक्रार लिहिताना माझा हात थांबतोय. सगळ्यांचे रिपोर्ट संस्थेच्या ऑफिसच्या मोबाईलवर आले आणि तिथून सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले गेले, नावासकट, "ज्यांचे त्यांनी बघून घ्यावे" म्हणून. दोनशेच्या वर माणसं आहेत त्या ग्रुपवर. आमच्या मुलीनं पण टेस्ट केली होती, ती तेवीस वर्षांची आहे, तिलाही तोच लाल चौकोन. दिवाळीनंतर कवठेमहांकाळकडचं एक स्थळ आलेलं, बघणं झालं, पसंती झाली, आणि मग मध्यस्थानं फोन करून विचारलं की मुलीच्या जीन्समध्ये वडिलांचा आजार आहे म्हणतात ते खरं का. मी काय सांगणार? एक अक्षर म्हणजे आजार नाही हे फोनवर पाच मिनिटांत सांगायचा प्रयत्न केला. परत फोन आला नाही. मुलगी म्हणते आई असल्या घरात नाही गेले ते बरं झालं, पण ती हल्ली पोटात जरा दुखलं तरी माझ्याकडं बघते, काही बोलत नाही, नुसती बघते. सासूबाईंनी एकदा रडत रडत विचारलं की हे माझ्याकडून आलं का गं. ऐंशी वर्षांच्या बाईच्या डोक्यात हे कुणी घातलं? माणसाची खासगी माहिती कशी सांभाळायची यासाठी २०२३ साली देशात स्वतंत्र कायदा झालाय, आणि आपली संस्था रोज लोकांच्या ठेवींची गुपितं सांभाळते. कुणाच्या खात्यात किती आहे हे तुम्ही ग्रुपवर टाकाल का? मग जे आयुष्यभर बदलत नाही आणि जे अर्धं आपल्या लेकरांतही जातं ते कसं टाकलंत?

चौथी छोटी आहे पण आहे, पॅकेजचे हप्ते पिग्मीतून परस्पर कापले, फॉर्मवर सही कुठं घेतली ते मिस्टरांना आठवत नाही, आणि कॅप्सूल बंद केल्यावरही तीन महिने कापत राहिले.

आणि आता मुलं. पाच वर्षांच्या पोराची टेस्ट करून काय कळणार? ज्या गोष्टीचा लहानपणी काही उपयोग नाही, उपाय नाही, ती मुलांची तपासायची नाही, मोठं होऊन त्यांना हवं तर ती ठरवतील, जगभर जेनेटिक्सचे डॉक्टर साधारण हाच नियम पाळतात. दुसरीतल्या मुलाच्या रिपोर्टवर लाल चौकोन आला तर त्याची आई काय करेल मला माहितीय, त्याला मैदानावर सोडणार नाही, पावसात भिजू देणार नाही, आणि दर महिन्याला डबा घेईल.

एक जागा मात्र आहे जिथं हा जीन लहान मुलाच्या जिवावर येतो. काही बाळांमध्ये आयएल-१० चा किंवा त्याच्या रिसेप्टरचा जीन आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून बिघडलेला येतो. निरोप देणारा असतो पण ऐकणारा नसतो, किंवा निरोप देणाराच नसतो. त्या बाळांना पहिल्या काही महिन्यांतच न थांबणारे जुलाब, शौचातून रक्त, गुदद्वाराजवळ गळवं आणि भगंदर, वजन वाढत नाही, नेहमीच्या औषधांना दाद नाही. २००९ साली हे पहिल्यांदा नीट उलगडलं, आणि त्यातल्या एका बाळाला दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी देऊन बरं केलं. आजार अतिशय दुर्मिळ आहे, जास्त करून नात्यात लग्न झालेल्या घरांत दिसतो, आणि आपल्याकडं मामाची मुलगी करायची पद्धत अजून आहे. अशा बाळाला लाळेच्या शिबिराचा शून्य उपयोग. त्याला लागतो लवकर ओळखणारा बालरोगतज्ज्ञ, मोठ्या हॉस्पिटलमधली पूर्ण जीन तपासणी, आणि पुढं ट्रान्सप्लांटला लाखांत पैसा. आपल्याकडं मात्र सहा महिन्यांच्या बाळाच्या शौचात रक्त दिसलं तरी दात येतायत म्हणून घरात बसतात. बाळाच्या शौचात रक्त दिसलं तर ते दात नव्हेत, दवाखान्यात न्या, हे एक वाक्य तुमच्या पत्रकावर छापलं असतं तर मी ते पत्रक स्वतः घरोघर वाटलं असतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. वर्धापनदिनाचं मुलांचं शिबिर रद्द करा, पुढं ढकलू नका, रद्द करा. मागच्या शिबिरातल्या सगळ्या सभासदांना संस्थेच्या लेटरहेडवर लेखी कळवा की या रिपोर्टवरून कुणीही चालू औषध बंद करू नये आणि ज्यांनी केलंय त्यांनी लगेच आपल्या डॉक्टरांना भेटावं, आणि तेच त्या ग्रुपवरही टाका. ग्रुपवरचे आणि ऑफिसच्या मोबाईलमधले सगळे रिपोर्ट पुसा, टेस्टवाल्यांकडं आमच्या लाळेचे नमुने आणि माहिती अजून आहे का, कुणाला दिली का, हे लेखी मागवा आणि आम्हाला दाखवा. पॅकेजचे जे हप्ते बंद सांगितल्यावरही कापले ते परत करा. आणि इथून पुढं आरोग्याचं कुठलंही शिबिर घ्यायचं तर त्यात काही विकलं जाणार नाही आणि एक तरी बाहेरचा डॉक्टर आधी कागद तपासेल असा ठराव वार्षिक सभेत घ्या.

शिबिराचा खर्च वाचेल त्याचं काय करायचं तेही सांगते. आपल्या सभासदांत हमाल आहेत, तोलाईदार आहेत, यार्डात हळद निवडणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यातल्या कुणाला महिनाभर रक्त पडत असेल तर मूळव्याध म्हणून अंगावर काढतात कारण कोलोनोस्कोपीचे पैसे नसतात, मिस्टरांचं पहिलं वर्ष असंच गेलं. शौचाची कॅलप्रोटेक्टिन म्हणून एक टेस्ट असते, आतड्यात सूज आहे का नाही याचा अंदाज त्यात येतो, ती आपल्याकडं होते. या दोन तपासण्यांना गरजू सभासदांना मदत द्या. लोकांना जेवढं कळायचं तेवढं त्यातून कळेल आणि उपायही करता येईल. कुणी डॉक्टर बोलवून आतड्याच्या आजारावर एक संध्याकाळ मराठीत बोलायला सांगा, मिरजेसारखं गाव शेजारी असताना डॉक्टर मिळणार नाही असं होणार नाही. खुर्च्या लावायला मी येईन.

मला माहितीय तुमच्यातल्या कुणी वाईट हेतूनं हे केलं नसणार. चेअरमन साहेब, २०१९ च्या पुरात तुम्ही स्वतः छातीभर पाण्यात जाऊन सभासदांना बाहेर काढलेलं मी बघितलंय, आमच्या सासूबाईंना पण तुमच्याच माणसांनी होडीत घेतलं. लोक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात ते त्यामुळंच, आणि त्याच विश्वासानं मिस्टरांनी गोळ्या बाजूला ठेवल्या. म्हणून मी हे कंपनीला न लिहिता तुम्हाला लिहिलं.

येत्या मंगळवारी अकरा वाजता मी ऑफिसला येते. डिस्चार्ज कार्ड, तो ४२ पानी रिपोर्ट, पिग्मीची पुस्तिका आणि ग्रुपवरचे स्क्रीनशॉट सोबत असतील. ज्या सभासदांना असाच अनुभव आलाय त्यांनीही आपापले कागद घेऊन यावं.

आपली,
एक सभासद आणि एका पेशंटची बायको
सांगली

ता.क. ज्यांनी त्या शिबिरानंतर प्रेशर, शुगर, थायरॉइड, सांधेदुखी, आतडं, कशाचीही गोळी सोडलीय त्यांनी मंगळवारपर्यंत थांबू नका. आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा, आणि किती दिवस गोळी बंद आहे ते खरं सांगा.